दादाच्या मागे वाजवताना

नाही हो, तुमच्यावर कसला राग? बसा ना, आतली तालीम सुरू व्हायला वेळ आहे अजून. माझ्या जागी कोणीतरी येणारच होतं — दादानंच काढलं मला, सख्ख्या भावानं! सगळ्या बँडसमोर म्हणाला, याचा ताल गेलाय. आता ताल गेला म्हटल्यावर रिदम गिटारवाल्याकडे उरतं काय? लीडवाल्याचं बरं असतं — पुढे यायचं, डोळे मिटायचे, एकच सूर असा ताणायचा की माणसं खुर्चीतून उठतात. आपण मागे, ड्रमशेजारी, तेच ते कॉर्ड. लोकांना वाटतं, हा कशाला ठेवलाय! वाटू दे. दादाच्या मागे वाजवायला मला आवडायचं, खरंच आवडायचं.

तुमचा हात पक्का आहे, मघाशी ऐकलं मी. तसूभर हलत नाही. तोच तर घोळ आहे! म्हणजे — जाऊ दे. नाही, कसं जाऊ दे? अहो, दादाला ऐकू येत नाही. घ्या, बोलून बसलो! एक कान पार गेलाय, दुसराही चाललाय — जन्मभर त्या अँपला चिकटून उभा राहिला, दुसरं काय होणार? वहिनीलाही बोललेला नाही. मला तरी कुठे बोललाय? मला त्याच्या वाजवण्यावरून कळलं. सोलो घेता घेता मागे पडतो, मध्येच पुढे पळतो — मग मी काय करायचं? मीही त्याच्याबरोबर सरकायचो. ड्रमरला वाटायचं मीच चुकतोय, शिव्या मला. खाल्ल्या. शेवटी ड्रमरनं दादाचे कान भरले आणि दादाला ते पटलं — त्याला बिचाऱ्याला काय कळणार, कोण कोणाला सांभाळतंय!

सांगावं, तर गिटार खाली ठेवेल तो, आणि गिटारशिवाय त्याला आहे काय? न सांगावं, तर शनिवारी तुम्ही बरोब्बर वाजवाल आणि भरल्या हॉलमध्ये तो एकटा उघडा पडेल. तुम्ही जरा त्याच्याबरोबर — छे, तुम्ही का म्हणून? तुमचं नाव जायचं. मला काही सुचत नाही हो, खरंच काही सुचत नाही.

काय? हळू बोलू? का, दारात आलाय का तो? पाठमोराच आहे ना — दादा! ए दादा!

बघितलंत?

जा तुम्ही आत. खांद्याला हात लावून सांगा त्याला, आलोय म्हणून. जा.