घाटाच्या खालची रेघ

रंभाबाई : मंग नकाशावर बोट ठेवून नागपूरचे साहेब काय म्हणाले, भाऊजी?

चंपतराव : रागावले नाहीत, वहिनी. रागावले असते तं भांडता तरी आलं असतं. म्हणे, ‘पिण्याचं पाणी राखायचा कायदा तुमच्याच गावकमेटीनं केला. त्यात लिहिलं आहे, महादेवाच्या घाटाच्या खाली नदीत कोणी काही धुवायचं नाही, टाकायचं नाही. कंपनी मँगनीज धुते ते घाटाच्या वर. मग कायदा मोडला कुठं?’

रंभाबाई : अन् वरचं धुतलेलं खाली येत नाही काय?

चंपतराव : हेच विचारलं मी. तं हसले. ‘पाण्याला हद्द आम्ही नाही घातली, चंपतराव, तुम्ही घातली.’ तिथं कमेटीचे चार मेंबर उभे होतो आम्ही. कागद गुंडाळून तसेच बाहेर पडलो.

रंभाबाई : बसा आधी. उन्हातून नागपूरहून आले. पाणी... पाणी थोडंसंच देते हं. विहीर चैत्रातच आटली.

चंपतराव : हे तं चक्क नितळ आहे! कुठलं?

रंभाबाई : कंपनीच्याही वर, पल्याडच्या पिंपळाच्या वळणावरून आणते. पहाटे निघाली का उन्हं येईपर्यंत एक घागर होते. देवापुरती.

चंपतराव : ह्या गुडघ्यांनी? वेड लागलं काय तुम्हाले?

रंभाबाई : आधी वर पिंपळाच्या वळणावर होती ना रेघ? कच्च्या मसुद्यात?

चंपतराव : आता काहून काढता ते?

रंभाबाई : सांगा ना.

चंपतराव : होती. इथंच वाचून दाखवला होता तुम्हाले. पिंपळापासून खाली नदीत काही धुऊ नये; फूल, पान, निर्माल्य टाकू नये. तुमचे डोळे भरून आले. लाख बेलपानं वाहायचं व्रत, साठ हजार झालेले, अन् वाहिलेला बेल सोडायले वाहतं पाणी पाहिजे. म्हणून मीच रेघ खाली ओढली, घाट बाहेर ठेवला. कोणाचं काही बिघडत नव्हतं तेव्हा. वर होतं काय? दगड अन् बगळे.

रंभाबाई : मी बेलाची सूट मागितली होती, भाऊजी. घाटाची नाही.

चंपतराव : सरकारी कायद्यात ‘रंभाबाईचा बेल वगळून’ असं लिहू काय? एकाले सूट दिली तं दहा जण रांगेत उभे राहतात. रेघ सरकवणं सोपं होतं.

रंभाबाई : मंग आता पुन्हा वर सरकवा.

चंपतराव : सरकवू. ठराव, मग हरकती, मग मंजुरी, वर्ष तं गेलंच. अन् कंपनीचा खाणीचा पट्टा पंधरा वर्षांचा. नवी रेघ जुन्या पट्ट्याले लागत नाही. तेही विचारून आलो.

(दारात पंचफुला येते. कमरेवर रिकामी घागर.)

पंचफुला : रामराम जी, मेंबरसाहेब! तुमचा कायदा लय कडक हाय बाप्पा. काल लेकराचं दुपटं धूत होती, तं कमेटीच्या चपराशानं काठी उगारली. म्हणे, पाणी खराब होते!

चंपतराव : मी सांगतो त्याले.

पंचफुला : त्याले नका सांगू, तो गरीब हाय. कंपनीले सांगा. आमच्या नदीच्या रेतीतल्या डांगर-टरबुजांच्या वाडीवर बोटभर काळा गाळ बसला. वेली अशा निजल्या का त्याइले उठावंच वाटत नाही. अन् झिरा! रेतीत हातभर खणलं का नितळ पाणी लागे, तिथं आता शाई लागते. लुगडं सात पदरी करून गाळलं, तरी बुडाले काळं. लेकरू दोन दिवसांपासून घोट घेते अन् थुकून देते.

रंभाबाई : ताप आहे काय वं त्याले?

पंचफुला : आंग तापून राहिलं. म्हणून आली, बाई. वाटीभर असंन तं द्या. कायद्याच्या कागदावर पहिला अंगठा माहाच हाय, तुम्ही घरी येऊन सांगतलं म्हणून.

रंभाबाई : ती रेघ माह्या बेलासाठी खाली आली, पंचफुला. वर असती तं कंपनी तिथं बसलीच नसती.

पंचफुला : काही तरीच बोलता. तुमच्या बेलानं कुठं नदी काळी होते वं, बाई?

चंपतराव : वहिनी, नका मनाले लावून घेऊ. चूक झाली ते माझ्या हातानं झाली.

रंभाबाई : घागर इकडे कर, पंचफुला.

पंचफुला : हे तं देवघरातलं! नका जी, देवाचं पाणी मी कशी नेऊ?

चंपतराव : आज सोमवार आहे, वहिनी. अभिषेक राहिला तुमचा. तुम्ही तं सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नसेल.

रंभाबाई : महिना झाला, तिकडे घाटावर महादेव त्याच काळ्या पाण्यात उभा आहे. आज घरचाही राहील तसाच. घागर खाली घे, वं.

पंचफुला : सगळंच काहून ओतता? अन् उद्या जी, बाई? उद्या लेकराले काय पाजू?

रंभाबाई : नीट धर. सांडून राहिलं.