विनिताच्या कोकोचे दात

न्हाय जोहा, हे खेळणं न्हाय चालणार, हे दगडासारखं हाय — हे बघ, अंगठ्याचं नख दाबलं तरी खूण पडत न्हाय, आणि विनिताचं म्हणणं असं की ज्याच्यावर नख रुततं तेच द्यायचं, त्याच्यापेक्षा कडक दिलं की पिल्लाचे दात तुटतात. आत्ता त्याचे दुधाचे पडतायत न् पक्के येतायत. दुधाचे दात, कुत्र्याचे! मला तर हेच ठाऊक नव्हतं. आपल्या गल्लीत एवढी कुत्री जन्माला आली न् मेली, कोणी त्यांच्या तोंडात बघायला गेलं? पण हिने पडलेले दात उचलून डबीत ठेवलेत — खरं सांगते, कुंकवाच्या डबीत, कापूस घालून — आणि पुण्याला दिशाला, तिच्या मुलीला, फोटो पाठवला. बरं, मागच्या बुधवारी माझी दाढ काढली. ही इथली, बघ, अजून गाल सुजलेला हाय. आली का बघायला? न्हाय आली. फोनवर म्हणते, सुवर्णे, कोकोचे दात येतायत गं, दिवसभर किरकिर करतो, त्याला टाकून कशी येऊ? त्याचे यायलेत, माझी गेली, पण त्याचं मोठं. मी बोलली, बरं बाई, त्याला बघ तू.

अगं विनिता कोण काय विचारतेस, तुझ्या अब्बांच्या कारखान्यातली विनिता! तू आत्ता ह्या कुत्र्यामांजरांच्या दुकानात उभी हायस ना काउंटरच्या मागे, तिथेच आमच्या कांडीच्या मशिनी होत्या, तिची न् माझी लागून. एकवीस वर्षं इथे बसून आम्ही दोघींनी कांड्यांवर सूत भरलं. पलीकडे चोवीस लूम धडधडायचे, कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही ओठांवरून बोलायचो. ती नुसतं तोंड उघडायची, मला कळायचं काय बोलणार ते. आणि तिला तर माझं तोंड बंद असलं तरी कळायचं. सकाळी मी डबा ठेवला की लगेच विचारायची, आज कोणाशी भांडून आलीस? हारूनशेठनी, तुझ्या अब्बांनी, लूम भंगारात काढले तेव्हा लोकांना कामाची काळजी, मला काळजी की आता हिच्याशेजारी कशी बसणार. पण तेही झालं — रोज संध्याकाळी साडेपाचला वऱ्हाळा तलावाच्या कट्ट्यावर, ती शेंगदाणे आणायची न् मी चहाचा थर्मास. सात वर्षं एक दिवस चुकला न्हाय. दिशाच्या लग्नाच्या हळदीलासुद्धा आम्ही दहा मिनिटं जाऊन आलो, हळदीच्या हातांनी.

आणि आता? दिवाळीनंतर दिशा आली न् आईला सोबत म्हणून हे पांढरं पिल्लू ठेवून गेली. सोबत म्हणून! मी काय होती मग एवढी वर्षं, खुंटी?

हे काय, रबराचं? दे बघू. हां, हे रुततं, हे चांगलं हाय — पण केवढंसं हाय, तोंडात मावलं की गिळेल. तोंडापेक्षा मोठं पाहिजे. हसतेस काय, सगळं पाठ हाय मला: उकडलेलं हाड न्हाय द्यायचं, त्याची कुसळं होतात न् आतून फाडतात, गाजर फ्रिजमध्ये गार करून द्यायचं, न्हायतर ओलं फडकं पिळून बर्फात ठेवायचं न् ते चावू द्यायचं, हिरड्यांना बरं वाटतं, आणि चामड्याचं काही न्हाय — चामडं तर अजिबात न्हाय, ते पोटात जाऊन फुगतं. दोनदा बोलली ती, चामडं न्हाय, सुवर्णा, चामडं न्हाय. सकाळी मेसेज पाठवलाय, तोंडी, बोलून. चार वेळा ऐकला मी. म्हणजे — पुढचं ऐकलं न्हाय, चामड्यापर्यंत ऐकला.

पिशवी? पिशवीत भाजी हाय. मेथी. हलली? कशी हलेल मेथी, काहीतरीच तुझं. राहू दे तिथेच पायाशी, उचलू नको.

मेसेज कशाला पाठवला म्हणतेस, तर ती गेलीय वज्रेश्वरीला. आज. हसू नको, ह्यात हसण्यासारखं काही न्हाय. दर पौषात मी न् ती जायचो, साडेसहाची एसटी, देवीचं दर्शन, मग गरम कुंडात पाय सोडून बसायचं — दिवसभर बसून बसून दोघींचे गुडघे गेलेले, तिचा डावा, माझा उजवा — आणि तिथे बसून वर्षभराचं सगळं बोलून टाकायचं. ह्या वर्षी ती त्या कुत्र्यावाल्या बायांबरोबर गेली. तलावावर येतात त्या तिघी, एकेकीच्या हातात पट्टा, एकमेकींना विचारतात, तुमच्याने शी केली का? ह्यांच्यात बसते ती आता साडेपाचला. एकीची गाडी हाय. काल रात्री जेवायच्या वेळी घरी आली न् म्हणते, सुवर्णे, गाडीत चौघींचीच जागा हाय गं, आणि देवळात कुत्रं नेता येत न्हाय, तर कोकोला उद्या ठेवशील का? समजलं ना तुला? मला न्यायला जागा न्हाय, पण कुत्रं ठेवायला मी हाय. आणि मी काय बोलली? मी बोलली, ठेव की. हसून बोलली. वर आणि चहा पाजला.

बरं, आणून सोडला सातला. आणि तो काय करतो, दाराकडे तोंड करून बसला. दोन तास. मी बिस्कीट दिलं, न्हाय. दूधभात कालवला, वास घेतला न् परत दाराकडे. मी बोलली, अरे, ती मला पण टाकून गेलीय, ये इकडे. न्हाय आला. मग उठला तो सरळ माझ्या पलंगाखाली, आणि विनिताने मला दिलेली शाल — साठीला दिली होती, एवढीच एक वस्तू तिने दुकानात जाऊन माझ्यासाठी घेतलेली — तिचं टोक ओढून चावायला लागला. त्याला तिचा वास आला असेल. मला पण येतो. मी शाल ओढली तर गुरगुरला माझ्यावर आणि हाताला दात लावले, हे बघ, सुईसारखे. माझ्याच घरात, माझ्याच शालीवरून!

तर मग मी पेटी उघडली. काळूरामची, माझ्या नवऱ्याची, पत्र्याची पेटी. तुला आठवतो ना आमचा काळूराम, इथला जॉबर, लूम बिघडला की तुझे अब्बा आधी त्याला हाक मारायचे. तो गेल्यावर त्याची हत्यारं मी तशीच ठेवलीत — पाने, पक्कड आणि एक पिकर. तुला न्हाय सांगावं लागणार पिकर, तू लुमातच वाढलीस: धोट्याला इकडून तिकडे हाणतो तो, म्हशीच्या चामड्याचा, तेल पाजून पाजून काळा झालेला. तो मी त्याच्यापुढे टाकला. आणि काय सांगू, नाचला तो! शेपूट हलवली माझ्याकडे बघून, पहिल्यांदा. माझ्या पायाला टेकून बसला न् चावत राहिला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मुद्दाम न्हाय दिला. न्हाय, मुद्दाम कशाला देईन? — म्हणजे, माहीत होतं मला. मेसेज सकाळीच ऐकला होता ना. माहीत होतं चामडं न्हाय द्यायचं, कडक न्हाय द्यायचं, आणि पिकर तर दोन्ही. म्हणूनच दिला. असं बघू नको. मला वाटलं, एक दात मोडू दे. एकच. संध्याकाळी ती येईल, तोंड उघडून बघेल न् रडेल, आणि मला तिचे डोळे पुसायला लागतील. माझी गेली ना दाढ? मग त्याचा एक गेला तर काय? एवढंच होतं मनात. पोटाचं मनात नव्हतं, जोहा, देवीची शपथ, पोटाचं न्हाय आलं मनात.

हा घे. पदरात बांधून आणलाय. हे टोक बघ, इथून तुटलाय. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा होता, तो सापडत न्हाय. पलंगाखाली बघितलं, शाल झटकली, केरसुणीने कोपरा न् कोपरा काढला. म्हणून मी आली. मला वाटलं, तुझ्याकडून एक चांगलं खेळणं घ्यावं, थोडं घासून जुनं करून त्याच्याजवळ ठेवावं, तिला कळणार न्हाय — पण तासाभराने त्याने दोनदा ओकल्यासारखं केलं, नुसता फेस आला. आणि मग गप्पच झाला. शेपटीला हात लावला तरी गप्प.

हां, पिशवीत तोच हाय. काढ. हळू काढ, खाली काळूरामचा टॉवेल घातलाय. बघ कसा बघतोय. सकाळपासून डोळे नुसते दाराकडे होते, आता माझ्याकडे बघतोय. — मीठपाणी पाजू? लोकं पाजतात. न्हाय? बरं, न्हाय पाजत. तू सांगशील तसं. तुकडा कधी गेला? साडेनऊ, दहा असेल. आता साडेअकरा झाले ना? पाणी प्यायला, पण तेही बाहेर आलं.

डॉक्टर मला कुठला माहीत असणार? कोपऱ्यावरच्याचं शटर बंद हाय, रविवार ना आज. ह्याचा नेहमीचा कोणीतरी हाय, ती त्याला घेऊन जाते रिक्षाने, मला कधी बोलली न्हाय न् मी विचारलं न्हाय. मेसेजमध्ये असेल. असेलच, ती असं काही विसरत न्हाय. पुढे असेल. चामड्याच्या नंतर ती म्हणते, "आम्ही चौघी अंबाडी नाक्यावर चहाला थांबलोय," आणि मागून त्या बायांचं हसणं ऐकू येतं — तिथे मी बंद करायची. चारही वेळा. घे फोन, तू लाव, पुढचं तू ऐक.

आला डॉक्टरांचा नंबर? लिही, लिही. आता तुझ्या फोनवरून लाव तू. काय म्हणतात? लगेच आणा? मशीनखाली बघतील? हो बोल, निघालोच बोल. हा उरलेला पिकर पण घेऊ बरोबर? घेते, पदरात बांधते.

थांब. तो मेसेज बंद न्हाय झाला अजून, बोलतेच हाय ती. तिचं संपलं न्हाय. काय बोलली? मागे घे जरा. अजून मागे. हां.

"आणि सुवर्णे, तो तुला चावला न् तुला राग आला, तर राग माझ्यावर काढ. मी आली की मला काय बोलायचं ते बोल. त्याच्यावर काढू नको, त्याला काही कळत न्हाय."

ऐकलंस ना तू? मला एकटीलाच न्हाय ना ऐकू आलं? — म्हणजे तिला ठाऊक होतं. काल चहा पाजताना मी हसत होती, आणि तिला सगळं दिसत होतं. मग ठेवला कशाला माझ्याकडे? एवढं दिसत होतं तर कशाला ठेवला? दुसरं कोणी भेटलं न्हाय तिला? सकाळी पूर्ण ऐकला असता मी. दोन मिनिटांचा हाय अख्खा. दोन मिनिटं मला दम न्हाय निघाला.

रडत न्हाय मी, दाढ ठणकतेय. ती बघ, रिक्षा थांबली, हात दाखव त्याला. शटर अर्धं ओढ न् ह्याला घेऊन बस, टॉवेलसकट घे, डोकं वर राहू दे. ते खेळणं राहू दे इथेच. न्हाय, तिला तू न्हाय फोन करायचा. मी करते. डॉक्टर काय बोलतात ते बघून मग कशाला, आत्ताच करते, न्हायतर मी परत काहीतरी हसून बोलेन. — वाजतोय. जा तू, बस रिक्षात, मी आलीच. जा ना, उभी काय राहिलीस? हे तुझ्यासमोर न्हाय बोलता येणार मला. जा.