डब्यातलं पुढचं पाकीट

समारंभाच्या अध्यक्षा डॉक्टर मोस्कोसो, मंचावर बसलेले संचालक महोदय, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या झोइला सिस्टर, माझे सहकारी आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या कुएंकाकर मंडळींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सिस्टरांचे गुण सांगायला मला उभं केलंय. मी मात्र माझा एक अवगुण सांगणार आहे. संचालकांनी घड्याळाकडे बघू नये, फार वेळ घेत नाही.

फुप्फुसं निकामी झालेल्या माणसाच्या घशात नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवतात. शुद्धीत असला तर तो नळी उपसून काढेल, म्हणून त्याला झोपवावं लागतं. शिरेतून औषध देऊन झोपवावं की यंत्रातूनच गुंगीचा वायू द्यावा, हे आम्ही ताडून पाहत होतो. कुणाला काय द्यायचं, ते आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, बंद पाकिटात. पाकिटं क्रमानं लावलेली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डबा सिस्टरांच्या ताब्यात. वायूवाले रुग्ण लवकर जागे होत. त्यामुळे वायूच सरस, हा निकाल आम्ही शहाण्यांनी मनातल्या मनात कधीच लावून टाकला होता.

अशात माझा धाकटा भाऊ फाउस्तोच रुग्ण म्हणून आला. टोप्या विणणारा माणूस, श्वास पुरेना म्हणून बोटं निळी पडलेली. आमच्या आईनं संमतीच्या कागदावर सही केली. सिस्टरांनी माझ्यासमोर पाकीट कापलं. आत लिहिलं होतं, शिरेतून.

मी म्हणालो, "सिस्टर, हे परत ठेवा. पुढचं काढा. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी वहीत फाउस्तोचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे पाकिटाचा क्रमांक. मग म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही बाहेर बसा."

नवव्या दिवशी फाउस्तो गेला.

त्यानंतर दोन वर्षं मी सिस्टरांशी कामापुरतं बोललो. दर गुरुवारी माझ्या घरून त्यांना मोते जायचा, तो उकडलेला मकासुद्धा बंद केला. इतका मी हलका माणूस.

गेल्या महिन्यात त्या पाकिटांच्या अभ्यासाचा निकाल आला. वायू दिलेल्यांत मृत्यू जास्त होते. मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. भाऊ तर परत आला नव्हता. सिस्टरांकडे जाऊन म्हणालो, तुमचंच बरोबर निघालं.

त्या म्हणाल्या, "निकाल उलटा आला असता तरी मी दुसरं पाकीट काढलं नसतं. तेही कुणाच्या तरी भावाचंच होतं."

त्या दिवशीही माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही. आज निघतोय. सिस्टर, मला माफ करा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. आणि सिस्टर, आज गुरुवार आहे. मोते तुमच्या खुर्चीमागे ठेवलाय, जाताना घेऊन जा.