वर्षाची जाहिरात अजून चालू आहे

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत. मला भाषण करता येत नाही. या हॉलमध्ये मी हळदीकुंकवाची वाणं वाटली आहेत, माईक कधी धरला नाही. पण वर्षाचे यजमान, आपले दिलीपभाऊ म्हणाले, "शैलाताई, वर्षाबद्दल तुम्हीच बोला. तुम्ही दोघी एकाच धंद्यातल्या."

धंदा एकच, म्हणून तर कठीण आहे हो. खरं सांगू? मी तिच्यावर जळायचे. अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. तिलाही माहीत होतं. मघाशी फोटोला हार घालतानासुद्धा मनात आलं, बघा, फोटोतही हीच माझ्यापेक्षा छान दिसते.

आम्ही दोघी शिवलेल्या नऊवारी विकतो. पाय घालायचे, नाडी बांधायची, झालं. ती ए विंगमध्ये, मी सी विंगमध्ये. ऑनलाइन विकायचं ठरवलं तेव्हा गोरेगावला क्लासलाही बरोबरच गेलो. एकाच बाकावर बसलो. सरांनी दोघींना तेच शिकवलं. लोक नेटवर शोधताना जे शब्द टाकतात, त्यांना म्हणायचं कीवर्ड. आपण त्या शब्दावर जाहिरात लावायची. कोणी जाहिरात दाबली की आपले पैसे कटतात, मग ती बाई साडी घेवो नाहीतर न घेवो. म्हणजे शब्द निवडण्यातच सगळं आलं. चुकला की वाट लागली.

मी काय केलं? जो शब्द सगळ्यात जास्त लोक टाकतात तो घेतला. "नऊवारी साडी." बायका आल्या, फोटो बघितले, गेल्या. मग "डिझायनर नऊवारी" घेतला. पुन्हा तेच.

आणि वर्षाने काय घेतलं? "नऊवारी कशी नेसायची." मी हसले तिला. म्हटलं, "अगं वेडे, जिला नेसायला शिकायचंय ती शिवलेली कशाला घेईल?" ती म्हणाली, "शैला, तू आधी विचार ना गो, हे कोण विचारतंय? आणि तिचा कार्यक्रम कधी आहे? परवा लग्न असेल. अर्धा व्हिडिओ बघेल, काष्टा सुटून हातात येईल, रडकुंडीला येईल. मग काय करेल?"

काय करेल? वर्षाची नऊवारी घेईल. तो शब्द कोणी घेत नव्हतं, म्हणून स्वस्तही होता. तिच्या दारात कुरिअरवाला रोज यायचा, आणि मी खिडकीतून बघत बसायचे. इतकी जळले मी, इतकी जळले, की एक दिवस वरणाला फोडणी द्यायला विसरले.

नंतर मीही तोच शब्द घेतला. का घेऊ नये? पण पहिली जाहिरात तिची, खाली माझी. मी रोज शोधायचे, आज तरी मी वर आहे का. रोज ती वर. रागाने तिचं दुकान उघडून बघायचे. मग तिचा फोन यायचा. "शैला, बघायचंय तर खुशाल बघ गो. पण जाहिरातीवर बोट लावू नकोस, माझे पैसे जातात. जाहिरातींच्या खाली माझं नुसतं नाव आहे ना, तिथून ये, ते फुकट असतं." तिला कसं कळायचं देव जाणे.

हॉस्पिटलमध्ये शहाळं घेऊन गेले तेव्हा बोलवतही नव्हतं तिला. तरी विचारलं काय? "डिझायनर बंद केलंस का?" म्हटलं, तू आराम कर बाई. तर म्हणाली, "एक शब्द आहे. आजीसाठी नऊवारी. ज्या जन्मभर नऊवारी नेसल्या आणि आता ज्यांचे हात थरथरतात, त्यांच्या सुना शोधतायत. मी घेतला नाही. तू घे."

मी घेतला. ऑर्डरी आल्या. तुम्हाला वाटेल, शैलाचे डोळे भरून आले. नाही हो! मला राग आला. ही सलाइन लावून पडलेली, आणि सुचलं हिलाच. मी धडधाकट हिंडतेय, माझ्या सासूबाई समोर बसून नऊवारीच्या निऱ्या सांभाळतायत, आणि मला का नाही सुचलं? अजून राग येतो. कुणावर काढू आता?

परवा दिलीपभाऊ लॅपटॉप घेऊन आले. म्हणाले, "ताई, ती जाहिरात चालूच आहे. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही बंद करून द्या." मी उघडलं. नेटवर शोधून पाहिलं. वर्षा वर, मी खाली. बाई गेली, तरी पहिली तीच! एक बटण दाबलं की ती जागा माझी. किती वर्षं मला हेच हवं होतं. आणि माझं बोट काही पुढे जाईना.

मग तिच्या घरी गेले. दांडीवर तिने शिवलेल्या नऊवारी अजून लटकतायत. जांभळी, शेवाळी, एक चिमुकली लाल. दिलीपभाऊ, सगळ्यांसमोर सांगते. त्या सगळ्या विकल्या जाईपर्यंत जाहिरात बंद होणार नाही. पार्सलं मी बांधीन. त्या दांडीवर एक जरी नऊवारी असली, तरी वर ती आणि खाली मी. मला सवय आहे.

काल कारण नसताना तिचं नाव टाकून शोधलं. मग तिचाच प्रश्न आठवला, हे कोण विचारतंय? जिला काही घ्यायचं नाही अशी बाई विचारतेय, वर्षा. जिला फक्त तुझ्याशी भांडायचंय.

चला, उठूया. वर्षासाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. फोन खिशात ठेवा. घरी गेल्यावर तिचं दुकान बघावंसं वाटेल तुम्हाला, जरूर बघा. पण खाली तिचं नाव आहे, तिथून जा. वरच्या जाहिरातीवर बोट लावू नका. तिचे पैसे जातात.