जावई ओढून बघताना

...आणि वर मलाच विचारतात, तुम्ही हात का लावला? हात का लावला म्हणजे काय हो? पोरगी द्यायची होती मला त्या माणसाला, पोरगी, लोणच्याची बरणी नव्हती द्यायची की नाही पटलं तर आणली परत मागून. आणि तुम्हाला सांगते, मी त्या दिवशी काही वेगळं केलं नाही, जन्मभर करत आले तेच केलं. बाजारात झाडू घेतला तर काड्या ओढून बघते, बादली घेतली तर कडी ओढून बघते, खाटेचा सुंभ, साडीचा काठ, कपाचा कान... आता कधी कान हातात येतो, दुकानदार बोंबलतो, मी म्हणते बाबा, तुझ्या दुकानात निघाला ते बरं, माझ्या घरी व्याह्याच्या मांडीवर चहासकट निघाला असता तर? चौथीपर्यंतच शिकले मी, पण एवढं पक्कं शिकले, ओढून बघितल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही.

तर झालं काय. आमची दिपमाला, एकुलती एक, जळगावला शिकली, आता इथंच एरंडोलला लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. तिला स्थळ आणलं भटू नानांनी. भटू नाना म्हणजे आमच्या ह्यांचे लांबचे मामा, अख्ख्या खान्देशातली लग्नं आपल्यामुळेच टिकून आहेत अशी त्यांची समजूत. आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "अक्का, पोऱ्या लाखमा एक शे. इमानवर काम करस."

विमान म्हटल्याबरोबर आमचे हे खाटेवर सरळ होऊन बसले, जसं काही आत्ता पट्टा बांधायला सांगणार आहेत. मी मात्र तिथंच ओळखलं, काहीतरी गडबड आहे. विमानावर म्हणजे नेमकं कुठं? वर बसून की खाली उभं राहून? आता आमच्या लताबाईचंच बघा, माझी चुलत नणंद, तिलाही सांगितलं होतं जावई भुसावळला रेल्वेत आहे. होता ना, स्टेशनाबाहेरच्या सायकल स्टँडवर होता. रेल्वे दिसत होती तिथून, खोटं कुणी बोललं नाही. तेव्हा मी म्हटलं नाना, हे असलं मला चालायचं नाही, मुलगा बघायला मी त्याच्या घरी येणारच नाही. घर काय, पाहुणे येणार म्हटल्यावर कुणीही झाडून ठेवतं, शेजारणीच्या खुर्च्या आणतं, पोह्यात खोबरं घालतं. मला कामाची जागा दाखवा.

नानांनी कपाळाला हात लावला. असं कुठं असतं का, म्हणे. नसेल, आता होईल.

दिपमालाला विचारलं का, म्हणताय? विचारलं की. मी भाकरी थापत होते, ती पीठ चाळत होती, मी म्हटलं, पोरगा बरा निघाला तर चालेल ना गं? ती काही बोलली नाही. म्हणजे हो. आमच्यात असंच असतं, नाही म्हणायचं असतं तर चाळणी आपटली असती.

मुलाचं नाव कुंदन. त्यानं त्याच्या कामावरच्या मॅडमची परवानगी काढली आणि आम्ही तिघं निघालो, मी, हे आणि नाना. धुळ्याच्या बाहेर माळावर एक भलीमोठी पत्र्याची शेड, आमच्याकडच्या कापसाच्या जिनिंगएवढी, आणि आत विमानं. विमानं म्हणजे काय, व्हॅनला पंख चिकटवल्यासारखी, उडवायला शिकणाऱ्या पोरांची, दुरुस्तीला आलेली. कुंदन दारातच भेटला. सावळा, बारीक, खिशाला पेन नाही, बोटात अंगठी नाही, हातात घड्याळसुद्धा नाही. मला संशय आला, हा विकून बसलाय की काय? तर म्हणे इथं अंगावर धातू घालून काम करत नाहीत. आणि म्हणाला, मावशी, ही जमिनीवरची पिवळी पट्टी आहे ना, हिच्या आत यायचं नाही. झालं, मला दुसरा संशय. ज्याला काही लपवायचं नाही तो पट्ट्या कशाला मारेल?

मी सरळच विचारलं, तू करतोस काय इथं? म्हणाला, विमानाच्या रेडिओच्या वायरी जोडतो, वर गेलेल्या पोराला खालच्याशी बोलता आलं पाहिजे. मी म्हटलं, म्हणजे वायरमन? म्हणाला, हो.

बघा आता. मी तयारीत होते, हा म्हणेल इंजिनिअर आहे, मग मी बरोबर पकडणार. आणि हा म्हणतो हो. एवढ्या सरळ हो म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं? नाना मागून खोकले, आमचे हे विमानाच्या चाकाकडे बघत बसले.

मग त्यानं टेबलावर वायर दाखवली. तुम्हाला सांगते, माझं मिरची कांडपाचं मशीन आहे, वायर मला नवी नाही. आमचा तोताराम येतो, वायर दातानं सोलतो, दोन टोकांना पीळ देतो, वर काळी पट्टी गुंडाळतो, बिडी पेटवतो, मशीन चालू. आणि इथं? ह्याच्या वायरी सगळ्या पांढऱ्या. लाल नाही, काळी नाही, हिरवी नाही, जणू सगळ्या एकाच घरच्या विधवा. ओळखतोस कशा रे? तर म्हणे वायरीवर बारीक आकडे छापलेत. मी चष्मा लावला, पुसून लावला, मला तर मुंग्या दिसल्या. मग त्यानं एका चिमट्यानं वायर सोलली, आतली तांब्याची तार एका इवल्या पोकळ पिनेत घातली, सुईच्या नाकाएवढं भोक आहे त्या पिनेला, ते भोक दाखवून मला म्हणाला, बघा, तार दिसतेय? दिसली तरच ती तळाला पोचली. मग दुसऱ्या जाडजूड चिमट्यात ती पिन धरली आणि दाबलं. करकर करकर. तो चिमटाही संशयीच, पुरता दाबल्याशिवाय सोडतच नाही म्हणे, मध्येच हात ढिला केला तरी तोंड उघडत नाही. आणि झालं. कथलाचा डाग नाही, पीळ नाही, काळी पट्टी नाही.

मी म्हटलं, डाग दे ना वर, एवढी काटकसर कशाला? तर म्हणे मावशी, विमान सारखं थरथरतं, डाग दिलेली तार ताठ होते आणि डागाच्या कडेला तुटते, नुसती दाबलेली धरून राहते.

सांगणारा काय, काहीही सांगेल. ओढून बघितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. तसं मी तोंडावरच म्हटलं. आणि हा शहाणा ती वायर माझ्या हातात देऊन म्हणतो, ओढा.

मग काय विचारता. पिन त्यानं शिकंज्यात आवळली, मी वायर मनगटाला गुंडाळली, टेबलाच्या पायाला पाय लावला आणि जी ओढली... तीस वर्षं मिरचीची पोती उचललेला हात आहे हा. टेबल सरकलं, नानांची टोपी पडली, पिन नाही सुटली. मी म्हटलं, बरी आहे. आणि त्यानं काय केलं असेल? ती चांगली धडधाकट पिन कचकन कापली आणि डब्यात टाकली. का रे बाबा? तर म्हणे, ओढून बघितलेली आम्ही वापरत नाही.

इथं माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. अरे, म्हणजे हे दाखवायचं वेगळं. कापडदुकानात नाही का, वर घडी घालून ठेवलेला पीस एक आणि आतून फाडून देतात तो दुसरा? मला ओढायला दिली ती पक्की, विमानात लावल्या त्या कशा? त्या कुणी ओढून बघितल्या?

तेवढ्यात कुंदनला मॅडमनी हाक मारली. नाना आमच्या ह्यांना सांगत होते की कुंदननं वायरी जोडलेलं हेच विमान आज दुपारी उडून जाणार, तो बघा न्यायला आलेला पायलट, बाकड्यावर बसलाय. विमानाचं दार उघडंच होतं. पुढची घड्याळांची पाटी पुढे ओढून ठेवलेली, मागे पांढऱ्या वायरींची वेणी, मेणाच्या दोऱ्यानं जागोजाग गाठी मारून बांधलेली. गाठी सुरेख होत्या, खोटं कशाला बोलू. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पदर खोचला, पिवळ्या पट्टीच्या आत गेले, हात घातला आणि दिला एक हिसका. नाही सुटली. शेजारची धरली, दिला हिसका. नाही सुटली. अहो, मला इतका आनंद झाला सांगू, पहिल्यांदा कुणीतरी दाखवलेला आणि दिलेला माल एकच निघाला. मी तशीच बाहेर आले, कुंदन येत होता, म्हटलं, बाबा, आतल्या पण ओढून बघितल्या, एकदम पक्कं काम आहे, पोरगी दिली तुला.

त्या पोराचा चेहरा असा झाला, जशी मी पोरगी मागे घेतली.

"कोणती ओढली, मावशी?"

मी म्हटलं, पांढरी.

त्याच्या मागोमाग मॅडम. हिना मॅडम, जळगावच्या सराफांकडची पोर, वयानं माझ्या दिपमालापेक्षा थोडी मोठी असेल, पण अख्खी शेड तिला घाबरते. तिनं विचारलं, इथं कुणी हात घातला? नाना घाईघाईनं म्हणाले, कुणीच नाही, वारा आला असेल. आमचे हे पत्र्याकडे बघायला लागले. आणि मी? मी गप्प बसून कुंदनकडे बघत होते. मला वाटलं, आता कळेल. हा जर म्हणाला कुणी हात लावला नाही, तर स्थळ इथंच मोडलं, कारण आज जो सासूसाठी इतकं सफाईनं खोटं बोलेल तो उद्या सासूशी किती सफाईनं बोलेल?

तो म्हणाला, "यांनी लावला. मुलीच्या आई आहेत. पण त्यांना आत मी आणलं आणि लक्ष माझं नव्हतं, तर चूक माझी."

बोट दाखवलं हो माझ्याकडे. सरळ. पायलटसुद्धा वळून बघायला लागला. मॅडमनी त्याला आमच्यादेखत असं झाडलं की विचारू नका, विमान आज जाणार नाही, सगळी वेणी सोडायची, पिन न् पिन काढून बघायची, आणि आता काही दिवस ह्यानं एकट्यानं कुठल्याच विमानाला हात लावायचा नाही. मी मध्ये पडले, म्हटलं बाई, तुटलं तर काहीच नाही, मी स्वतः ओढून बघितलंय. कुंदननं कात्री घेतली आणि एकेक गाठ कापायला लागला, त्या सुरेख गाठी, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मावशी, तुटलेलं दिसतं. ओढलेलं दिसत नाही."

चहासुद्धा न पिता निघालो. एसटीत नाना म्हणाले, मोडलं. आमचे हे म्हणाले, चारचौघांत आपल्या बाईकडे बोट दाखवणारा जावई नको. मी म्हटलं, दाखवलं म्हणूनच हवा. असा माणूस मी बघितला नव्हता, माझ्याहून संशयी. मी ओढून बघते आणि विश्वास ठेवते, हा ओढल्यावरही ठेवत नाही.

पण खरी गंमत पुढे. आम्ही वाट बघतोय नकाराची, तर कुंदनचा फोन, रविवारी येतो, एकटाच. मी वरण-बट्टी केली, वांग्याची भाजी केली, तूप कढवलं. आला, जेवला, बट्टी चांगली दोनदा मागून घेतली, मला वाटलं जमलं. हात धुऊन बसला आणि म्हणतो, दिपमालाशी बोलायचंय. बोल की, मी म्हटलं, बसलोय ना सगळे. तर म्हणे, एकटीशी. मी म्हटलं, बाबा, तिचं हो आहे, मी विचारलंय तिला.

म्हणाला, "तुम्ही विचारलंत म्हणूनच मला पुन्हा विचारायचंय."

म्हणजे काय हो ह्याचा अर्थ? मी काय पोरीचा गळा धरून हो वदवलं? मी तोंड उघडणार तेवढ्यात दिपमाला, जी पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीला टेकून उभी होती, जिचा आवाज पाहुण्यांनी ऐकलेला नाही, ती म्हणाली, "आई, तू ओट्यावर बस जरा. बाबा, तुम्हीपण."

माझ्याच घरात मला. आणि आम्ही बाहेर आल्यावर आतून कडी लागल्याचा आवाज. सगळी गल्ली बघतेय, ह्यांनी उगाच वर्तमानपत्र धरलं, मी धान्य निवडायला घेतलं, त्यात निवडायला काही नव्हतं. आतून दिपमालाचा आवाज. बोलतेय, बोलतेय, थांबतच नाहीये, लॅबबद्दल काहीतरी, धुळ्याला बदली मिळेल का असं काहीतरी, आणि ‘आईला नाही म्हणता येत नाही’ असंही काहीतरी... मी कान लावून बसले होते, चुकून नाही ऐकलं. इतकं बोलते ही? कधीपासून? घरात तर पीठ चाळताना हूं की चूं नाही. मग तो काहीतरी बोलला, मग दोघं हसले.

आता सांगा, आई आहे ना मी? माझ्याच्यानं राहवेना. उठले, पाय न वाजवता दारापाशी गेले, कडी धरली आणि हळूच, अगदी हळूच ओढून बघितली.

आतून दिपमाला म्हणाली, "आई, दार ओढू नकोस. माझं हो आहे."

तेव्हापासून मी ओट्यावरच बसलेय आणि विचार करतेय, ते हो त्याला होतं, की मला दारापासून उठवायला होतं? विचारणार कुणाला? आणि ओढून तरी काय काय बघणार.