ब्रेक चांगले असताना न थांबलेल्या गाडीबाबत

नाव: ओळखपत्रावर आहे ते, परंतु त्या नावाने हाक मारली तर मी स्वतःसुद्धा वळून बघत नाही. सगळे काडीमावशी म्हणतात, तेच लिहावे असे सांगितले. वय: एकसष्ट. धंदा: शिवणकाम. राहणार: कापडबाजाराच्या मागची गल्ली, जिन्याखाली दुकान, जिन्यावर घर.

मी आज या पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी नव्हे तर गाडीत आडवी पडून आले, आणि विचारल्यावरून राजीखुशीने सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी व माझी मुलगी अशा दोघीच राहतो. मुलीचे वडील हयात नाहीत. मुलगी इंजिनांच्या कारखान्यात चाचणी विभागात नोकरीला आहे. इंजिन किती पेट्रोल पिते आणि मागून काय सोडते हे दिवसभर मोजायचे, हे तिचे काम. घरी आल्यावरही तिच्या डोक्यातून ते जात नाही. चहाचे आधण झाकण न ठेवता उकळताना दिसले तरी तिच्या जिवाची घालमेल होते, एवढी ऊब फुकट गेली म्हणून.

तिने व तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून तीन चाकांची एक गाडी बनवली आहे. इंजिन मूळचे गवत कापायच्या मशीनचे. आता त्यात मूळचे फारसे काही उरलेले नाही. सांगाडा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा असून त्यावर पांढरे कापड ताणून लेप दिला आहे. कापड मी बेतले व शिवले. एक सुरकुती राहिली तरी वारा तिथे अडतो, असे मुलीने बजावले होते. सुरकुती राहिलेली नाही, साहेबांनी हवा तर हात फिरवून बघावा.

या गाडीत बसायचे नसते, निजायचे असते, आणि वरून खिडकी असलेले झाकण लावायचे. चालक जितका हलका तितके इंजिनाला काम कमी. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे चालकाचे वजन पंचेचाळीस किलोच्या खाली चालत नाही. माझे बरोबर तेवढेच आहे, कपड्यांसकट. मुलीचे माझ्यापेक्षा वीस किलोने जास्त आहे, हे तिला वाचून दाखवू नये. लहानपणापासून मला काडी, पाप्याचे पितर, फुंकर मारली तर उडेल, असे सगळे ऐकवून झाले आहे. या वयात पहिल्यांदा कोणी तरी मला वजनकाट्यावर उभे करून "वा" म्हणाले. हे जबाबात घ्यायची जरुरी नाही असे लेखनिकांचे म्हणणे आहे. माझे म्हणणे, घ्यावे.

उद्या सकाळी गावाबाहेरच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर स्पर्धा आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये कोणाची गाडी लांब जाते ते तिथे पाहतात. बक्षिसाचे आम्हाला एवढे नाही. परंतु माल वाहणाऱ्या तीनचाकीवाल्यांच्या संघाने मुलीला शब्द दिला आहे की, पंचांसमोर तिने सांगितलेला आकडा गाठला तर संघाच्या वीस गाड्यांत तिचे इंजिन बसवून बघू. त्या गाड्या आमच्या गल्लीतून दिवसभर धूर ओकत जातात. मी शाळेचे पांढरे शर्ट शिवते. सकाळी बेतलेला शर्ट संध्याकाळी झटकावा तर घडीच्या रेघेत काजळी बसलेली असते, आणि हा काळा दोरा कुठून आला म्हणून पालक मलाच विचारतात. मुलीची दोन वर्षे या एका शब्दावर टांगलेली आहेत. गाडी आज संध्याकाळी तपासणीला हजर केली नाही तर नाव कापले जाईल, म्हणून लेखनिकांनी जरा हात चालवावा अशी विनंती.

आज जेवण उरकून आम्ही टेकडीवरून उतरणाऱ्या नव्या रस्त्यावर सरावाला गेलो. तो रस्ता अजून रहदारीला खुला झालेला नाही. तिथल्या मुकादमाची परवानगी घेतली होती. चालवायची रीत अशी की इंजिन सुरू करून गाडीला वेग द्यायचा, मग इंजिन बंद करायचे आणि गाडी आपल्या गतीने जाईल तेवढी जाऊ द्यायची. मंदावली की पुन्हा थोडा वेळ इंजिन. सगळे कसब बंद ठेवण्यात आहे. ब्रेकबाबत मुलीची शिकवण अशी की, पेट्रोल जाळून गती मिळवायची आणि ब्रेक दाबला की त्या गतीची नुसती ऊब होऊन हवेत जाते. तिचे शब्द असे: "आई, ब्रेक लावणं म्हणजे पेट्रोल गटारात ओतणं. जीव जात असेल तरच लाव."

रस्त्याच्या खालच्या टोकाला अडसर आहे. तिथे मुलगी उभी राहणार, मी आले की गाडी थांबवायची आणि टेम्पोत घालून परत वर न्यायची, असे ठरले होते. पहिल्या फेऱ्या तशाच झाल्या. शेवटच्या फेरीला पाण्याचा टँकर बाहेर पडत असल्यामुळे अडसर वर उचललेला होता.

मुलगी दोन्ही हात हलवून थांब म्हणत होती. ते मला दिसले आणि कळलेही. माझ्या डोळ्यांसमोर पेट्रोलची काचेची नळी असते. तिच्यातली रेघ वरून निघाल्यापासून जवळजवळ हललीच नव्हती. अशी फेरी आजवर एकदाही झाली नव्हती. उजव्या हाताखाली ब्रेकचा दांडा होता, हात तिथे गेलाही. पण एवढे मिळवलेले एका चिमटीत घालवायचे माझ्या जिवावर आले, आणि खरे सांगायचे तर मला फार मजा येत होती. मी ब्रेक लावला नाही. पुढे उतार होता.

मुलीच्या शेजारून जाताना ती "आई" असे ओरडली, एवढे ऐकू आले.

उतार संपल्यावर रस्ता बाजारात शिरतो. वाटेत कोणी आडवे आले नाही. आले असते तर ब्रेक लावलाच असता. चौकातला दिवा हिरवा होता, हे तिथल्या वाहतूक पोलिसांनाही मान्य आहे. त्यांनी शिट्टी वाजवली ती नियम मोडला म्हणून नव्हे, तर अशा वेळी दुसरे काय करावे ते सुचले नाही म्हणून, असे त्यांनीच मघाशी सांगितले. इंजिन बंद असल्यामुळे गाडीचा आवाज नव्हता. एक सायकलवाले गृहस्थ बराच वेळ बाजूने येत होते. त्यांनी खिडकीशी वाकून, मावशी, कुठे निघालात, असे विचारले. जाईल तिथे, असे मी उत्तर दिले. फळवाल्या बाईने ठाण्यात फोन करून कळवले की पांढऱ्या कापडातली एक बाई डोळे मिटून, आडवी, आपली आपण चालली आहे. फळवालीची काही चूक नाही. फक्त डोळे मिटलेले नव्हते, ऊन लागत होते म्हणून बारीक केले होते.

ठाण्याच्या फाटकापाशी थोडा चढ आहे. तिथे गाडी मंदावली आणि आपसूक उभी राहिली. ठाण्याचीच जागा का निवडली, असे साहेबांनी विचारले. जागा गाडीने निवडली. साहेब व दोन शिपाई बाहेर आले, पण झाकणाला हात लावायला कोणी पुढे होईना. शेवटी साहेबांनी वाकून हळू आवाजात "आहेत का?" असे विचारले. मी "आहे" म्हटले. एक शिपाई फाटकाच्या आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

गाडीला इंजिन आहे यावर साहेबांचा विश्वास बसत नव्हता, म्हणून सुरू करून दाखवले. आवाज माझ्या शिलाई मशीनच्या मोटरीएवढा. धुराच्या नळीमागे रुमाल धरून दाखवला, तो पांढराच राहिला. रुमाल साहेबांचा होता. टेकडीच्या माथ्यापासून इथवर चहाचे तीन-चार चमचे पेट्रोल लागले, हे नळी बघून सांगितले. साहेबांनी आवारात उभ्या असलेल्या ठाण्याच्या गाडीकडे एकदा पाहिले.

यानंतर जबाब लिहायला घेतला. लेखनिक स्वभावाने भले आहेत, हे मी त्यांच्यासमोर सांगते आणि त्यांनी ते लिहायला का कू करू नये. त्यांना माझी कीव आली.

"मावशी, ब्रेक निकामी झाला असं टाकतो. तुमचा दोष राहत नाही, परवाना वाचतो. आम्ही रोज तेच लिहितो."

मी काही बोलायच्या आत त्यांनी ते लिहिलेही होते. तसे न लिहिले तर काय, हे मी विचारले. ब्रेक असून थांबला नाहीत तर तो बेदरकारपणा, दंड होईल आणि परवाना जमा करावा लागेल, असे त्यांनी सांगितले. परवाना गेला तर उद्या गाडीत मी नसणार, हे मला तेव्हाच कळून चुकले. माझ्या जागी मुलगी निजेल, वीस किलो वाढतील आणि आकडा कदाचित थोडक्यात हुकेल. उलट सरकारी कागदावर ब्रेक निकामी असे एकदा उमटले की गाडीला धावपट्टीवर चाकसुद्धा टेकवू देणार नाहीत. आणि संघवाले तर काय, जिच्या हातचा ब्रेक लागत नाही तिच्या हातचे इंजिन ते कशाला बसवतील? वाईट वाटले. उद्या त्या लांबलचक धावपट्टीवर जायचे म्हणून मी लहान मुलीसारखी दिवस मोजत होते. मग लेखनिकांना ते खोडायला सांगितले.

ब्रेक चांगले होते. न लावणारी मी.

इतक्यात मुलगी स्कूटरवरून येऊन पोचली. हेल्मेट काढायचेही तिला सुचले नव्हते. तिने आधी माझे हात, पाय, मान चाचपून पाहिली.

"ब्रेक लागला नाही का गं?"

"लागतो की. मीच लावला नाही."

"का?"

"तूच सांगितलंस, जीव जात असेल तरच लाव. माझा कुठे जात होता?"

"माझा जात होता, आई."

पुन्हा असे करणार नाही हे मी ठाण्याला आता लिहून देते, मुलीला ते तेव्हाच दिले.

ब्रेकबाबत माझ्या शब्दावर न जाता साहेबांनी स्वतः खात्री करून घेतली. मला आत निजवून दोन शिपायांनी आवाराच्या एका टोकापासून गाडी पळत ढकलली. समोर साहेबांची मोटारसायकल उभी होती, ती कोणी तरी बाजूला घ्यायला हवी होती हे सगळ्यांच्या उशिरा लक्षात आले. या वेळी मी ब्रेक लावला. गाडी मोटारसायकलपासून वीतभर अलीकडे जागच्या जागी थांबली आणि ढकलणारे शिपाई मात्र पुढे गेले. साहेबांनी कपाळ पुसून "ब्रेक उत्तम" असे पंचनाम्यात लिहायला सांगितले.

दंड भरला. परवाना पंधरा दिवस ठाण्यात जमा राहील आणि गाडी रस्त्यावरून चालवत न नेता टेम्पोत घालून न्यावी, असे ठरले. मग साहेबांनी मुलीला विचारले की धावपट्टीला कुंपण आहे का. ती आहे म्हणाली. परवाना रस्त्यासाठी असतो, कुंपणाच्या आत कोण निजून काय चालवते याच्याशी या ठाण्याचा संबंध नाही, असे साहेब छताकडे बघत म्हणाले. स्पर्धेवाल्यांना डॉक्टरांचा दाखला आणि वजन एवढेच लागते, परवाना लागत नाही, हे मुलीने तिथल्या तिथे फोन करून विचारून घेतले. मला हसू आले व ते मी आवरले नाही. शिपायांनी चहा-बिस्किटे आणून दिली. बिस्किटे मुलीने परत पाठवली आणि टेम्पोत गाडी चढवायला बाहेर गेली.

वर लिहिलेले सगळे लेखनिकांनी मला ऐकवले. ते माझ्याच बोलण्याचे आहे आणि खरे आहे. कोणी काही शिकवलेले त्यात नाही. जे शिकवले होते ते खोडले आहे आणि त्या खाडाखोडीवर माझी सही आहे. गाडीचे ब्रेक माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने बनवले असून तिच्या हाताला तोड नाही, हे वाक्य शेवटी घालून घेतले व लेखनिकांना दोनदा मोठ्याने वाचायला लावले. पहिल्या वेळी ऐकू आले नव्हते असे नाही. आमच्या घरात मुलीचे तोंडावर कौतुक करायची सवय नाही, आणि दुसऱ्या वेळी ती दारात येऊन उभी राहिली होती.