बॉनेटखालच्या अक्षता

मंडळी, भोळा माणूस फसतो. त्यात नवल काय? त्याच्यावर आख्यान लावायची गरज नाही, त्याची नुसती कीव करावी. पण शहाणा? चार बाजार पालथे घातलेला, उभा जन्म गादीवर काढलेला, ज्याच्या दुकानातून टाचणीसुद्धा फुकट बाहेर जात नाही — तो कसा फसतो? चोराला आत यायला दार लागतं, नाहीतर खिडकी लागते. शहाण्याच्या घराला तर सगळीकडून कड्या. मग चोर शिरतो कुठून?

हे पुढं बसलेले काका मान हलवताहेत. म्हणताहेत, महाराज, मला अजून कुणी फसवलेलं नाही. काका, जरा पुढं सरकून बसा. आजची कथा तुमच्यासाठीच आणलीय!

तर ऐका. बार्शीत रेवणसिद्ध शेटे नावाचे एक कापडव्यापारी होते. सगळा गाव त्यांना रेवणशेठ म्हणायचा. साड्यांचं दुकान. आणि जीभ कशी? बाई दुकानात हातरुमाल घ्यायला यायची आणि शालू घेऊन जायची. बाहेर पडताना वर शेठलाच म्हणायची, "बरं झालं बाई, तुम्ही दाखवलात." डागी माल असला की शेठ डाग झाकायचे नाहीत. डागावरच बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हातमागाची खूण आहे ही. यंत्राच्या मालाला असली खूण शोधून दाखवा." बाई खूश! डाग घरी नेला आणि शेजारणीला कौतुकानं दाखवला.

त्यांची बायको गिरिजाकाकू. ह्या बाईचे गुडघे गेलेले. बहीण अक्कलकोटला, पण एसटीची पायरी चढवेना, म्हणून बहिणीचं तोंड बघून तीन वर्षं झालेली. ती एकदाच म्हणाली, "अहो, एक गाडी घ्या. बसायला उंच आणि चढायला सोपी. डोळे मिटायच्या आत एकदा ताईकडं जाऊन येऊ." शेठचं मन द्रवलं. मंडळी, शेठ लबाड होते, पण बायकोवर जीव होता. लबाड माणसाला जीव नसतो असं कुठं आहे?

निघाले सोलापूरला. हमरस्त्याला मोटारींचं एक शोरूम. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या त्यांचा माणूस पेढे घेऊन इथं हजर व्हायचा. काचेचं दार, आत थंडगार, फरशी अशी की देवळातसुद्धा नसते. आणि दारातच एक तरुण. नाव प्रसन्न. चेहराही प्रसन्न. पगारच त्याबद्दल मिळतो.

"या काका, या काकू. चहा, कॉफी, सरबत?"

शेठ म्हणाले, "काही नको."

का नको? अहो, हा तर शेठचाच मंत्र! दुकानात बाई आली की आधी चहा. चहा प्यालेली बाई हात हलवत परत जात नाही, लाजते. शेठनं मनात म्हटलं, पोरा, तू शाळेत जात नव्हतास तेव्हापासून मी हा चहा पाजतोय. काकू मात्र म्हणाली, "मला चालेल." तिला सोफ्यावर बसवलं. तिच्याकडं कुणी परत वळून बघितलं नाही. बाईला गाडीतलं काय कळतंय!

प्रसन्ननं एक गाडी दाखवली, शेठ हसले. दुसरी दाखवली. "ही शेवटचीच उरलीय, काका." शेठ खो खो हसले. "शेवटची? पोरा, माझ्या दुकानात शेवटचा नग तीस वर्षं विकतोय मी. संपत नाही अजून."

आता इथं ऐका बरं का, मंडळी. इथंच सगळी गोम आहे. प्रसन्ननं काय करावं? त्यानं हातातली माहितीपत्रकं खाली ठेवली. हात जोडले. म्हणाला, "काका, चुकलो. तुम्हाला मी काय विकणार? आमच्या साहेबांनासुद्धा जमायचं नाही. गाडी राहू द्या. तुम्ही मलाच दोन गोष्टी शिकवा."

झालं! शेठ खुर्चीत सैल झाले. पाय पसरले. चहा मागवला. आपणहून!

"हे बघ, गिऱ्हाइकाला कधी 'घ्या' म्हणायचं नाही," शेठ सांगायला लागले. "उलट म्हणायचं, ही तुमच्यासाठी नाही. तुम्हाला झेपायची नाही. मग बघ कसं नाक फुगतं. आणि एक चांगली वस्तू झाकून ठेवायची. दुसऱ्या कुणासाठी काढून ठेवलीय म्हणायचं. झाकलेल्या वस्तूवर गिऱ्हाइकाचा जीव जातो."

प्रसन्न वहीत लिहून घेत होता. मान डोलवत होता. आमचे पेटीवाले डोलतात ना, तसा. पण पेटीवाले मनापासून डोलतात... असं मी समजतो.

तासभर शिकवणी चालली. मग प्रसन्न हळूच म्हणाला, "काका, तुमच्यासारख्यांना शोभेल अशी एक गाडी मागं आहे. पांढरीशुभ्र, बसायला उंच. पण ती दाखवत नाही. एका डॉक्टरांसाठी झाकून ठेवलीय. शिवाय ती चालवायला जरा... जाऊ द्या. तुम्हाला झेपायची नाही."

"झेपायची नाही? मला? काढ बाहेर!"

मंडळी, आत्ताच शिकवलेला धडा! शाई वाळली नव्हती वहीतली! गुरुजींना स्वतःचाच धडा ओळखू आला नाही. आपल्या तोंडाचा वास आपल्याला येत नाही, तशातली गत. कागद पुढं आले. "गुरुजी, इथं सही. इथं. आणि इथं." गुरुजी म्हटल्यावर कोण वाचत बसतो हो? मीटरवर थोडे आकडे पडलेले दिसले, तर प्रसन्न म्हणाला, "गोदामातून चालवत आणली." गुरुजींनी मान डोलावली. गाडीवरचा मखमली पडदा ओढला, केक कापला, पुठ्ठ्याची पुरुषभर उंच किल्ली हातात देऊन फोटो काढला. शेठ गाडी हाकत बार्शीला आले. वाटेत गिअर दोनदा अडकला. शेठ म्हणाले, "नवी आहे, मोकळी व्हायचीय."

घरी काकूनं औक्षणाचं ताट आणलं. चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडीला हळदकुंकू लावलं. मग म्हणाली, "अहो, ते पुढचं झाकण उघडा. जीव असतो तिथं कुंकू लावायला नको का?" शेठनं बॉनेट उघडलं. काकू वाकली. आणि तशीच थांबली.

बॅटरीच्या कडेला, रबरी पट्टीच्या खाचेत, कुंकवानं माखलेल्या अक्षता. पाच-सात दाणे. शेजारी झेंडूची एक वाळकी पाकळी.

"अहो, मी तर अजून अक्षता टाकल्याच नाहीत. ह्या कुणी टाकल्या?"

शेठचं तोंड पांढरं पडलं. कळलं ना, मंडळी? गाडीची पूजा आधीच झाली होती! कुणीतरी घेऊन गेलं होतं, ओवाळलं होतं, नंबर पडायच्या आत परत आणून उभी केली होती. ती पुसून-घासून, पडदा टाकून, आपल्या गुरुजींना दिली होती.

दुसऱ्या दिवशी दोघं शोरूममध्ये. शेठचा आवाज काचेबाहेर. "फसवणूक आहे ही! ग्राहक मंचात खेचतो एकेकाला!" आतून मोठे साहेब आले. त्यांचा चेहरा तर प्रसन्नहून प्रसन्न. म्हणाले, "शेठ, गैरसमज होतोय. ती आमच्याकडून केलेली पूजा आहे. आम्ही प्रत्येक गाडीची करतो. बिलात बघा, 'शुभारंभ पॅकेज'."

शेठनं बिल बघितलं. आणि खरोखर होतं! देवालासुद्धा बिलात घातलं होतं! त्याच्यावर कर लावून! शेठची सही खाली. तरी शेठ हटले नाहीत. तासभर भांडले, घसा बसला, पण साहेबांचं हसू जागचं हललं नाही.

तेव्हा काकू सोफ्यावरून उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. पदराची गाठ सोडली, त्यातल्या अक्षता तळहातावर घेतल्या आणि प्रसन्नपुढं जाऊन उभी राहिली. "बाळ, मला पैसे नकोत. भांडायचंही नाही. मला एवढंच सांग. ज्या बाईनं ह्या अक्षता टाकल्या, तिचं कुंकू शाबूत आहे ना?"

मंडळी...

मायलेज विचारा, उत्तर तयार. हप्ता विचारा, उत्तर तयार. रागावलेल्या गिऱ्हाइकाला काय म्हणावं, तेही घोकून घेतलेलं. पण नवऱ्यामागं गाडी परत केली असेल का, कुणाचा अपघात झाला असेल का, ह्या काळजीनं रात्रभर जागलेली बाई समोर उभी राहिली, तर काय बोलावं हे त्या पोराला कुणी शिकवलंच नव्हतं! त्यानं एकदा साहेबांकडं बघितलं. एकदा त्या तळहाताकडं. ह्या म्हातारीला आणखी एक रात्र जागवायचं त्याच्या जिवावर आलं.

"शाबूत आहे, काकू," तो म्हणाला. "त्यांना काही झालेलं नाही. त्यांचे मिस्टर ठणठणीत आहेत. गिअर अडकायचा, एका आठवड्यात तीनदा वाटेत बंद पडली. बाई इथं दिवसभर ठिय्या देऊन बसल्या. मग साहेबांनी त्यांना दुसरी दिली, आणि ही..."

पुढचं बोलायची गरजच नव्हती. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब सह्या करत होतं, त्यांनी पेन खाली ठेवलं. साहेबांचं हसू पहिल्यांदा गेलं. संध्याकाळच्या आत गाडी परत घेतली, व्यवहार मोडला. पोराच्या नोकरीचं काय झालं म्हणता? गेली. खरं बोलल्याचं पॅकेज कुठं असतं?

परतीला एसटी. दोन बायकांनी हात देऊन काकूला वर घेतलं. शेठ शेजारी बसून म्हणाले, "बघितलंस? कसं सरळ केलं त्यांना."

काकू म्हणाली, "हो. त्या दिवशी सगळं ऐकत होते मी सोफ्यावर. त्या पोरानं तुमचंच तुम्हाला विकलं."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तुम्ही इतके रंगून शिकवत होता. घरी माझ्याशीसुद्धा कधी एवढं बोलत नाही."

बार्शीपर्यंत शेठ खिडकीबाहेर बघत होते. सापडलं का, काका, चोर कुठून शिरला ते? सगळ्या कड्या लावल्या, पण कौतुक आत यायला एक दार सताड उघडं ठेवलं होतं. चोरानं तेच वापरलं!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. वैराग गावची एक बाई लेकीला घेऊन आली. लालभडक साडी हातात घेतली. "शेठ, रंग जाईल का हो?" शेठचं तोंड सवयीनं उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "जाईल. पहिल्याच धुण्याला जाईल."

बाईनं साडी ठेवली आणि समोरच्या दुकानात गेली. तीच साडी, त्याच गिरणीची! तो म्हणाला, "ताई, साडी फाटेल, रंग जायचा नाही." घेतली की! हसत हसत घेतली!

शेठनं दिवसभर खरं सांगितलं. दिवसभरात एकच साडी खपली. ती गिरिजाकाकूनं घेतली. म्हणाली, "रंग जाईल असं सांगून विकलेली साडी मी ह्या दुकानात पहिल्यांदाच बघतेय. नेसून बघते."

आता हसू नका. बोला, वैरागच्या त्या बाईला कुणी फसवलं? तिच्या कानाशी खरं येऊन उभं होतं, तिनंच त्याला दुकानाबाहेर काढलं. आपण वेगळं काय करतो? डॉक्टरनं गोड बंद सांगितलं की डॉक्टर बदलतो. मास्तरनं पोरगं कच्चं आहे म्हटलं की शाळा बदलतो. गोड बोलणारा सापडेपर्यंत हिंडतो, आणि सापडला की गावभर ओरडतो — फसवलं हो!

आणि मी? मी कोण मोठा साधू? आता कीर्तन संपलं की तुम्ही पाया पडायला याल आणि म्हणाल, "महाराज, काय बोललात!" आणि मला ते खरं वाटेल. म्हणून आज हात जोडून विनंती आहे, मला काही म्हणू नका. जिभेवर कौतुक आलंच असेल तर त्या विटेवर उभ्या असलेल्याचं करा. किती केलं तरी त्याला चढत नाही. बोला — विठ्ठल, विठ्ठल!